विश्लेषण : वशिल्याच्या भरतीवर मोठे झालेले अध्यक्षच त्या भरतीला चाप लावतात तेव्हा…

अमेरिकेत केंद्र सरकारी अधिकाऱ्यांना नोकरीची हमी असावी की नव्या अध्यक्षाला त्यांना सहज काढता यावे, हा वाद पुन्हा पेटला आहे. धोरण ठरवण्याशी संबंधित पदांचे संरक्षण काढून घेण्याचा ऑक्टोबर २०२० मधील आदेश २०२१ मध्ये रद्द झाला होता. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी तो थोड्या बदलांसह पुन्हा आणला. त्याच्या कक्षेत सुमारे ५० हजार पदे येतील, असा तिथल्या प्रशासनाचाच अंदाज होता. या वादात दोन्ही बाजू ज्या कायद्यापर्यंत मागे जातात तो आहे १८८३ चा पेंडलटन कायदा. त्यावर सही करणारे चेस्टर ए. आर्थर अमेरिकेचे २१ वे अध्यक्ष होते. सरकारी नोकऱ्या पक्षाच्या माणसांना वाटण्याच्या धंद्यातच त्यांची सारी कारकीर्द घडली होती.

आर्थर राजकारणात कसे आले?

आर्थर यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८२९ रोजी व्हरमाँट राज्यातील फेअरफील्ड या गावी झाला. वडील आयर्लंडहून आलेले बाप्टिस्ट धर्मोपदेशक आणि गुलामगिरीचे कडवे विरोधक. त्यांचे कुणाशी फार काळ जमत नसे, त्यामुळे घराचे बिऱ्हाड या गावातून त्या गावात फिरत राहिले. युनियन कॉलेजातून १८४८ मध्ये पदवी, काही काळ शाळामास्तरकी आणि मग न्यूयॉर्कमध्ये वकिली, असा आर्थर यांचा सुरुवातीचा प्रवास झाला.

वकील म्हणून त्यांचे पहिले गाजलेले काम आजही अभिमानाने सांगावे असे आहे. १८५४ मध्ये एलिझाबेथ जेनिंग्ज या कृष्णवर्णीय शिक्षिकेला न्यूयॉर्कच्या घोडा-ट्राममधून जबरदस्तीने उतरवण्यात आले. तिच्या बाजूने कंपनीविरुद्धचा खटला विशीतल्या आर्थर यांनी लढवला आणि पुढच्या वर्षी जिंकला. शहरातील ट्रामगाड्यांमधला वर्णभेद संपण्याची सुरुवात या निकालाने झाली.

यादवी युद्धात न्यूयॉर्क राज्याच्या फौजेला राहुट्या, गणवेश, शिधा पुरवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. हजारो सैनिकांची व्यवस्था त्यांनी चोख केली. पण राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचा गव्हर्नर निवडून आला आणि १८६३ च्या प्रारंभी रिपब्लिकन आर्थर यांना पद सोडावे लागले. कामाबद्दल तक्रार नव्हती, पक्ष चुकीचा होता. त्या काळात याचे कुणाला आश्चर्य वाटत नसे, खुद्द आर्थर यांनाही वाटले नसावे.

‘लुटीची पद्धत’ म्हणजे काय?

निवडणूक जिंकणाऱ्याने जुने कर्मचारी काढून आपले भरायचे, या रिवाजाला अमेरिकेत ‘लुटीची पद्धत’ असे नाव पडले होते. १८२९ मध्ये अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात ती उजळ माथ्याने रूढ झाली. सरकारी काम साधे असते, ते कुणीही करू शकतो आणि त्याच त्या माणसांनी खुर्च्या अडवून बसणे लोकशाहीला शोभत नाही, असा तिच्यामागचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नव्हता. त्याआधीच्या कचेऱ्यांत प्रतिष्ठित घराण्यांची माणसे वर्षानुवर्षे ठाण मांडून होती आणि शेतकऱ्याच्या मुलाला तिथे वाव नव्हता.

पण पद्धत मुरली तशी तिची किंमतही दिसू लागली. पोस्टमास्तरपासून दीपगृहाच्या रखवालदारापर्यंत प्रत्येक नोकरी कुणाच्या तरी शब्दावर अवलंबून राहिली. ज्याच्या शब्दावर ती मिळाली त्याचे काम आधी, जनतेचे नंतर. शिवाय ही नोकरी फुकट मिळत नसे. निवडणूक आली की प्रत्येक कर्मचाऱ्याकडून पगाराचे ठरावीक टक्के पक्षनिधी म्हणून वसूल केले जात. नाव ‘ऐच्छिक वर्गणी’, पण न देणाऱ्याची खुर्ची किती दिवस टिकेल हे सगळ्यांना ठाऊक असे. म्हणजे करदात्याचा पैसा पगार म्हणून कर्मचाऱ्याकडे जाई आणि तिथून सत्ताधारी पक्षाच्या प्रचारात येई.

न्यूयॉर्कचे कस्टम हाऊस इतके मोलाचे का होते?

१८७१ च्या अखेरीस अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी आर्थर यांना न्यूयॉर्क बंदराचे कलेक्टर नेमले. आपल्याकडे कलेक्टर म्हटले की जिल्हा डोळ्यांसमोर येतो. इथे अर्थ आहे बंदरावरील जकात गोळा करणारा मुख्य अधिकारी. तेव्हा आयात कर हा अमेरिकी सरकारच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा स्रोत होता आणि त्यातला निम्म्याहून बराच अधिक हिस्सा एकट्या न्यूयॉर्क बंदरातून येई. वॉल स्ट्रीटवरील त्या इमारतीत हजारभर माणसे कामाला होती. देशातील हे सर्वांत मलईदार सरकारी खाते.

ही हजार माणसे न्यूयॉर्कचे सिनेटर रॉस्को कॉन्कलिंग यांच्या गटाचे बिनपगारी, खरे तर सरकारी पगारी, कार्यकर्ते होती. उंचपुरे, पीळदार मिशांचे कॉन्कलिंग हे राज्यातील रिपब्लिकन पक्षाचे धनी आणि आर्थर त्यांचे विश्वासू कारभारी. कुणाला कुठे चिकटवायचे, कोणत्या वॉर्डात किती माणसे पाठवायची, कुणाची वर्गणी थकली, हा हिशेब आर्थर यांच्याकडे असे. रात्री उशिरापर्यंत पक्षाच्या बैठका आणि खाना, सकाळी कचेरीत उशिरा हजेरी, हा त्यांचा दिनक्रम होता. कपडे उंची, वागणे अत्यंत सभ्य. शत्रूही त्यांना ‘वाईट माणूस’ म्हणत नसत.

कमाई तर डोळे दिपवणारी होती. चुकवलेल्या जकातीबद्दल व्यापाऱ्याला दंड झाला की त्यातला वाटा कलेक्टरला कायद्यानेच मिळे. त्यामुळे आर्थर यांचे वार्षिक उत्पन्न सुमारे ५० हजार डॉलरवर गेले, म्हणजे जवळपास देशाच्या अध्यक्षाइतके. साहजिकच दंड मोठा लावण्यात अधिकाऱ्यांचा थेट फायदा होता. एका नामांकित कंपनीकडून अवाच्या सवा दंड उकळल्याचे प्रकरण गाजल्यावर १८७४ मध्ये काँग्रेसने ही वाटणी बंद केली आणि कलेक्टरला १२ हजार डॉलर पगार ठरला.

यात एक गुंता आहे. आर्थर यांनी स्वतः लाच खाल्ल्याचे कधी सिद्ध झाले नाही. आपल्या कारकिर्दीत दरवर्षी तीन टक्क्यांहून कमी माणसे काढली गेली, आधीच्या कलेक्टरांनी याच्या कितीतरी पट काढली होती, असा बचाव पुढे त्यांनी आकडेवारीसह केला. आकडे खरे होते. पण माणसे काढावी लागली नाहीत याचे एक कारण हेही होते की, बहुतेक सगळी आधीच त्यांच्याच गोटातली झालेली होती.

त्यांना पदावरून का काढले गेले?

१८७७ मध्ये अध्यक्ष झालेले रुदरफर्ड हेज आर्थर यांच्याच पक्षाचे, पण प्रशासन सुधारण्याचा निर्धार करून आलेले. त्यांनी कस्टम हाऊसच्या चौकशीसाठी जॉन जे यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. तिथे गरजेपेक्षा जास्त माणसे भरली आहेत, त्यातली अनेक कामाला नालायक आहेत आणि एक-पंचमांश कपात सहज करता येईल, असा समितीचा निष्कर्ष निघाला. जून १८७७ मध्ये हेज यांनी आदेश काढला की, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी पक्षाचे संघटनात्मक काम करू नये आणि त्यांच्याकडून पक्षासाठी वसुली होऊ नये.

आर्थर आणि त्यांचे सहकारी अलोन्झो कॉर्नेल यांनी हा आदेश जुमानला नाही. कॉर्नेल तर सरकारी पदावर असतानाच पक्षाच्या राज्य समितीचे प्रमुख होते. हेज यांनी आर्थर यांच्या जागी न्यूयॉर्कमधील दानशूर व्यापारी थिओडोर रूझवेल्ट यांचे नाव पाठवले. हे पुढे अध्यक्ष झालेल्या रूझवेल्ट यांचे वडील. कॉन्कलिंग यांनी सिनेटमध्ये जोर लावला आणि डिसेंबर १८७७ मध्ये हे नाव ३१ विरुद्ध २५ मतांनी फेटाळले गेले. दोनच महिन्यांनी थोरले रूझवेल्ट वारले. अखेर जुलै १८७८ मध्ये, सिनेटचे अधिवेशन संपल्याचे पाहून, हेज यांनी आर्थर आणि कॉर्नेल या दोघांनाही पदावरून दूर केले.

इथे सुधारकांचा हेतू शुद्ध होता, पण हत्यार जुनेच होते. अध्यक्षाने आपल्या मर्जीने अधिकारी काढला, एवढेच तांत्रिकदृष्ट्या घडले. गुणवत्तेच्या बाजूचा अध्यक्ष असला तर गुणवत्ता, नसला तर वशिला. कायदा कुठेच नव्हता.

काढलेला अधिकारी उपाध्यक्ष कसा झाला?

जानेवारी १८८० मध्ये आर्थर यांची पत्नी एलन न्यूमोनियाने गेली. ते तेव्हा पक्षाच्या कामासाठी ऑल्बनीत होते. घरी पोहोचले तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. राजकारणापायी आपण तिला वेळ दिला नाही, ही टोचणी त्यांना शेवटपर्यंत राहिली.

त्याच वर्षी शिकागोत रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले. कॉन्कलिंग यांच्या ‘स्टॉलवर्ट’ गटाला ग्रँट तिसऱ्यांदा हवे होते. तब्बल ३६ व्या फेरीत उमेदवारी मिळाली ती जेम्स गारफील्ड यांना. चिडलेल्या न्यूयॉर्ककरांची समजूत काढण्यासाठी उपाध्यक्षपद आर्थर यांना देऊ करण्यात आले. कॉन्कलिंग यांनी ते झिडकारायला सांगितले. आर्थर यांनी पहिल्यांदाच आपल्या नेत्याचे ऐकले नाही. तोवर त्यांनी एकही निवडणूक लढवली नव्हती. दोन वर्षांपूर्वी कस्टम हाऊसमधून हाकललेला माणूस उपाध्यक्षपदाचा उमेदवार झाला, याची सुधारक वृत्तपत्रांनी यथेच्छ टिंगल केली. गारफील्ड दहा हजारांहूनही कमी लोकमतांच्या फरकाने जिंकले.

त्यानंतरचे आर्थर यांचे वागणे त्यांच्या टीकाकारांना दुजोरा देणारेच होते. गारफील्ड यांनी न्यूयॉर्कच्या त्याच कलेक्टरपदावर कॉन्कलिंग यांचे विरोधक विल्यम रॉबर्टसन यांना नेमले. निषेध म्हणून कॉन्कलिंग आणि दुसरे सिनेटर थॉमस प्लॅट यांनी मे १८८१ मध्ये राजीनामे दिले. राज्याच्या विधिमंडळातून पुन्हा निवडून येऊ, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्यासाठी मते जमवायला देशाचे उपाध्यक्ष ऑल्बनीत जाऊन बसले, म्हणजे आपल्याच अध्यक्षाविरुद्ध. आणि हे सारे एका बंदरातल्या एका पदासाठी.

गोळी कुणी झाडली आणि का?

चार्ल्स गिटो हा डोके फिरलेला, अनेक धंद्यांत अपयशी ठरलेला माणूस होता. गारफील्ड यांच्या प्रचारासाठी त्याने एक भाषण लिहिले होते. त्या भाषणामुळेच ते निवडून आले, अशी त्याची ठाम समजूत झाली. बदल्यात त्याला पॅरिसमध्ये वाणिज्यदूताचे पद हवे होते. कित्येक आठवडे तो व्हाइट हाऊस आणि परराष्ट्र खात्याचे उंबरे झिजवत राहिला. गिटो वेडा होता, पण त्याची मागणी त्या काळाच्या रिवाजाला धरूनच होती. त्याच्यासारखे अर्ज घेऊन रोज रांग लागत असे आणि गारफील्ड या नोकरीइच्छुकांना पुरते कंटाळले होते.

तिथून हाकलले गेल्यावर गिटोने पिस्तूल विकत घेतले. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात त्याने गारफील्ड यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. पकडला गेल्यावर, आपण स्टॉलवर्ट आहोत आणि आता आर्थर अध्यक्ष होतील, असे त्याने जाहीर केले.

आर्थर त्या वेळी कॉन्कलिंग यांच्यासोबतच बोटीने न्यूयॉर्कला परतत होते. बंदराला लागताच ही बातमी कानी पडली. उपाध्यक्षांनीच कट रचला, असा संशय उघडपणे बोलला जाऊ लागला. गारफील्ड दोन महिन्यांहून अधिक काळ अंथरुणावर झुंजत होते. डॉक्टरांनी न धुतलेल्या बोटांनी जखम पुन्हा पुन्हा चाचपली आणि जंतुसंसर्ग वाढत गेला. या काळात आर्थर न्यूयॉर्कमधील घरातच राहिले. अध्यक्षांचे अधिकार तात्पुरते हाती घ्यावेत, ही सूचना त्यांनी मानली नाही. १९ सप्टेंबरच्या रात्री तार आली. २० सप्टेंबरला पहाटे सव्वादोनच्या सुमारास, १२३ लेक्सिंग्टन अव्हेन्यू येथील राहत्या घरी त्यांनी शपथ घेतली. आज त्या इमारतीत भारतीय मसाले आणि डाळींसाठी प्रसिद्ध असलेले दुकान आहे. न्यूयॉर्कमधील अनेक मराठी घरांतला किराणा तिथून आला असेल, पण दुकानाच्या वर काय घडले होते ते फार कुणाला ठाऊक नसते.

आर्थर बदलले कशामुळे?

याचे एकच उत्तर नाही. गारफील्ड मृत्यूशी झुंजत असताना, ऑगस्ट १८८१ मध्ये, न्यूयॉर्कमधून ज्युलिया सँड या तिशीतल्या, आजारपणामुळे घरात अडकलेल्या स्त्रीचे पत्र आर्थर यांना आले. दोघांची ओळख नव्हती. देश तुमच्याकडे भीतीने पाहतो आहे, पण माणसाला सुधारता येते, असा त्या पत्राचा आशय होता. तिने एकूण २३ पत्रे लिहिली. त्यात कौतुक होते तसे खरडपट्टीही होती. आर्थर यांनी उत्तरे दिल्याचे आढळत नाही. मात्र ऑगस्ट १८८२ मध्ये एका संध्याकाळी अध्यक्षांची घोडागाडी तिच्या दारात येऊन थांबली. ते तासभर बसून बोलले आणि गेले.

पण केवळ पत्रांनी अध्यक्ष बदलत नसतात. कॉन्कलिंग यांनी रॉबर्टसनला काढण्याचा आग्रह धरला तेव्हा आर्थर यांनी नकार दिला. गारफील्ड यांच्या हत्येनंतर ते करणे म्हणजे गिटोच्या गोळीचे फळ चाखण्यासारखे झाले असते, हे त्यांच्यातल्या मुरब्बी राजकारण्याला कळत होते. टपाल कंत्राटांतील घोटाळ्यात आपल्याच पक्षाची माणसे अडकली असताना त्यांनी खटले चालू ठेवले, जरी शेवटी मुख्य आरोपी सुटले.

तरी त्यांना संत करण्याची गरज नाही. डिसेंबर १८८१ मधील पहिल्या वार्षिक संदेशात त्यांनी कायद्याची तयारी दाखवली, पण लेखी परीक्षेवर शंकाही घेतली. परीक्षेत हुशार ठरणारा तरुण व्यवहारात अनुभवी माणसापेक्षा सरस असेलच असे नाही, हा त्यांचा मुद्दा आजही ऐकू येतो. १८८२ च्या निवडणुकीतही कर्मचाऱ्यांकडून वर्गणीची वसुली झालीच. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी त्यांचे स्वतःचे अर्थमंत्री उभे राहिले आणि ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्याकडून प्रचंड फरकाने हरले. प्रतिनिधीगृहही रिपब्लिकनांच्या हातून गेले. दोन वर्षांनी अध्यक्षपद गेले तर विरोधक आपली सगळी माणसे काढतील, या भीतीने अनेक रिपब्लिकन सदस्यांना अचानक गुणवत्तेचे महत्त्व पटले. सुधारणांच्या इतिहासात सद्बुद्धीइतकाच अशा भीतीचाही वाटा असतो.

पेंडलटन कायद्याने नेमके काय केले?

ओहायोचे डेमोक्रॅट सिनेटर जॉर्ज पेंडलटन यांच्या नावाने आलेल्या विधेयकावर आर्थर यांनी १६ जानेवारी १८८३ रोजी सही केली. ठरावीक पदांसाठी खुली स्पर्धा परीक्षा, तीन सदस्यांचा नागरी सेवा आयोग, आणि पक्षाला वर्गणी दिली नाही म्हणून कुणाला काढण्यास बंदी, ही त्याची मुख्य कलमे. मोठी टपाल कार्यालये आणि कस्टम हाऊस पहिल्या फटक्यातच त्याच्या कक्षेत आली. म्हणजे ज्या खात्यात आर्थर यांनी चिठ्ठ्यांवर माणसे भरली, तिथे आता त्यांच्याच सहीने प्रश्नपत्रिका वाटल्या जाणार होत्या. आयोगाचे प्रमुख म्हणून त्यांनी कायद्याचा मसुदा करणारे डॉर्मन ईटन यांनाच नेमले. कायदा आपल्या काळात कागदावर राहू नये, याचा हा सर्वांत ठोस पुरावा.

सुरुवातीला केंद्र सरकारच्या सुमारे एक-दशांश नोकऱ्याच या कायद्याखाली होत्या. मात्र ही कक्षा आदेशाने वाढवण्याचा अधिकार अध्यक्षाला होता. गंमत अशी की, पायउतार होणारे अध्यक्ष आपली माणसे सुरक्षित राहावीत म्हणून त्यांची पदे कायद्याखाली आणत गेले आणि स्वार्थापोटी गुणवत्तेचे क्षेत्र वाढत गेले. कायद्याने दार राखले ते प्रवेशाचे. सबळ कारणाशिवाय कर्मचाऱ्याला काढता येऊ नये, ही हमी नंतर १८९७ च्या आदेशाने आणि १९१२ च्या कायद्याने आली. सध्याचा वाद प्रामुख्याने याच दुसऱ्या दाराचा आहे.

याचा भारताशी संबंध काय?

ईटन यांनी अध्यक्ष हेज यांच्या सांगण्यावरून ब्रिटनच्या सनदी सेवेचा अभ्यास केला होता आणि ती स्पर्धा परीक्षा आधी भारताच्या कारभारासाठी वापरली गेली होती. ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक आपल्या पुतण्या-भाच्यांना भारतातील नोकऱ्या देत. १८५३ च्या कायद्याने तो हक्क गेला आणि १८५५ पासून लंडनमध्ये खुली परीक्षा सुरू झाली. ब्रिटनच्या स्वतःच्या खात्यांत ती सर्रास लागू व्हायला १८७० उजाडले. त्या परीक्षेतून निवडले गेलेले पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. अर्थात परीक्षा ‘खुली’ असली तरी ती लंडनलाच द्यावी लागे. भारतात ती १९२२ मध्ये आली. स्वतंत्र भारताने दोन्ही दारे राज्यघटनेतच बंदिस्त केली. भरतीसाठी लोकसेवा आयोग, आणि चौकशीशिवाय बडतर्फी नको म्हणून कलम ३११. मात्र बदलीचे तिसरे दार उघडेच राहिले.

आर्थर यांचे पुढे काय झाले?

१८८२ मध्येच त्यांना मूत्रपिंडाचा असाध्य विकार असल्याचे निदान झाले होते. ही गोष्ट त्यांनी जगापासून लपवली. १८८४ मध्ये पक्षाने उमेदवारी जेम्स ब्लेन यांना दिली. सुधारकांचा आर्थर यांच्यावर पुरता विश्वास बसला नव्हता आणि जुने सोबती त्यांना गद्दार समजत होते. १८८५ मध्ये अध्यक्ष झालेल्या क्लीव्हलँड यांच्या राजवटीत कायद्याबाहेरचे हजारो पोस्टमास्तर बदलले गेले, कस्टम हाऊसमधले परीक्षेने आलेले कारकून मात्र आपल्या टेबलांवर कायम होते.

१८ नोव्हेंबर १८८६ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, आर्थर यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी आपली जवळजवळ सर्व खासगी आणि सरकारी कागदपत्रे जाळायला लावली. कस्टम हाऊसच्या काळातील हिशेब, याद्या, चिठ्ठ्या, जे काही असेल ते सारे गेले. ज्युलिया सँड यांची पत्रे मात्र त्यांनी वेगळी जपून ठेवली होती. ती १९५८ मध्ये त्यांच्या नातवाकडे सापडली.